पाचच्या ठोक्याला पकडलेली पाकिटे

समोरच्या घरातल्या फ्लेवियाचे वायफाय तोडण्याचा निर्णय प्रेमाबाईंनी एकट्याने घेतला आणि रविवारी दुपारी साडेचारला तिला तोंडावर सांगितलाही. मरोळच्या त्या इमारतीत समोरासमोरच्या दोन घरांत मिळून बाईंचे एकच इंटरनेट होते. रविवार सोडून रोज सायंकाळी पाचला त्यांचा ऑनलाइन व्याकरणाचा वर्ग सुरू झाला, की तिसऱ्या मिनिटाला त्यांचा चेहरा पडद्यावर गोठत असे. तोही तोंड उघडे असताना. (निवृत्त मुख्याध्यापिकेची याहून मोठी विटंबना ती कोणती?) सहा विद्यार्थ्यांपैकी दोघांचे पालक मुलांना काढून घेण्याच्या बेतात होते आणि दोष फ्लेवियाच्या फोनचाच, अशी बाईंची खात्री होती.

"माझ्यामुळे?" फ्लेविया उसळली. "तुझा वर्ग बंद पाडून मला काय मेडल मिळणार, गं? हा घे माझा फोन, बंद केलाय. आता शोध चोर!"

"शोधणारच!" बाई कडाडल्या आणि त्यांनी भाच्याला, सुशांतला, हाक मारली.

सुशांतने बाईंच्या लिनक्सवाल्या लॅपटॉपवर स्वतःच्या खात्यातून प्रवेश केला. "मावशी, नेटवर माहितीची बारीक बारीक पाकिटं ये-जा करतात. ती पकडणारा प्रोग्राम यात आहे. पण साध्या माणसाला तो चालवू देत नाही."

"म्हणजे तुला ॲडमिनचा पासवर्ड हवा!"

"नको गं! पाकिटं पकडायला सगळ्या लॅपटॉपचा मालक कशाला व्हायचं? त्या कामाचा एक गट असतो. त्यात फक्त माझं नाव घाल."

प्रवेश, आणि अर्जाशिवाय? बाईंनी लेखी अर्ज घेतला, त्यातील दोन चुका तांबड्या शाईने दुरुस्त केल्या, पासवर्ड दिसू नये म्हणून सुशांतला भिंतीकडे तोंड करून उभे केले आणि त्याच्या सांगण्याबरहुकूम नाव दाखल केले. सुशांतने प्रोग्राम चालवला. लॅपटॉपने उत्तर दिले : परवानगी नाही.

"मी मंजुरी दिल्यावर नाही म्हणणारा हा कोण?" बाईंचा आवाज जिन्यापर्यंत गेला.

"मावशी, शांत हो. लॉगआउट करून परत आत आल्याशिवाय नवा गट लागू होत नाही."

तो बाहेर पडून पुन्हा आत आला. आता प्रोग्राम निमूटपणे चालू झाला. पाच वाजेपर्यंत पडद्यावर चार-दोन ओळी सरकत होत्या. पाचचा ठोका पडला आणि ओळींचा लोंढाच सुटला.

"पकडला!" बाई गरजल्या. "कोणाकडून येतात रे ही?"

"येत नाहीत. आपल्याच लॅपटॉपमधून बाहेर चालली आहेत." सुशांतने मान खाजवली. "जूनपासूनच्या तुझ्या तासांचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर नेऊन साठवलं जातंय. ते पुरं होत नाही, म्हणून रोज पहिल्यापासून सुरू होतं. याला पाचची वेळ कोणी दिली?"

वेळ बाईंनीच दिली होती. एवढे महत्त्वाचे काम देखरेखीशिवाय होऊ नये आणि पाचला आपण लॅपटॉपसमोर हमखास असतो, असा त्यांचा शिस्तीचा हिशेब होता.

"जेलात जायची होते गं मी!" फ्लेविया पदराआड हसू लागली. बाईंनी तिची क्षमा मागितली. वाक्य पूर्ण होते, आवाज मात्र अर्धाच होता.

मग ठरले ते असे : फ्लेवियाचे वायफाय कायम राहील, पाचचे ते साठवणे बंद होईल आणि यापुढे तासांचे रेकॉर्डिंग मुळीच होणार नाही. फ्लेवियाची संमती मिळाली, सुशांतचीही मिळाली. सहा विद्यार्थ्यांना रेकॉर्डिंग बंद करण्याबद्दल फोनवर एकत्र विचारले, तेव्हा बाईंचा प्रश्न पुरा होण्याआधीच सहाही जणांनी "चालेल" म्हटले. वर्ग सुरू झाल्यापासून सर्वांनी एकदम उत्तर दिल्याची ती पहिलीच वेळ होती.