नावेच्या पिछाडीचा तंटा

थंडर बे शहरीं वैशाखमासीं बर्फ वितळोन सरोवर मोकळें जाहलें, ते समयीं दोघी सख्ख्या बहिणींनीं घरांतल्या घरांत जी मोहीम मारिली, तिची हकीकत सादर होऊन लिहितों, चित्त द्यावें.

वज्रचूडेमंडित तैमीबाई थोरली, गंगाभागीरथी हिल्काबाई धाकटी, उभयतां साठीपार. दर वसंतीं उत्तरेस, जेथें सडक नाहीं, विमानानेंच पाण्यावर उतरावें, ऐशा ब्लॅकस्प्रूस नदीचे खळाळ निमुळत्या कनू होडींतून उतरावे, हा शिरस्ता. पुढें बसेल तिणें खडक पाहोन ओरडावें आणि पिछाडीस बसेल तिणें ऐकोन नाव वळवावी. पिछाडीचें तख्त थोरलीकडे. गतसालीं नाव खडकावर आदळोन पालथी जाहली, आणि तंबू, कॉफी व उभयतांची बोलाचाली समस्त वाहोन गेली. मग हिंवाळाभर अबोला.

परंतु पाणी चढलें आणि दुसरी कोणी सोबतीस येईना, सबब हिल्काबाई मसलतीस आल्या आणि शर्त घातली कीं पिछाडी आपणांस मिळावी. तैमीबाईंनीं साफ इनकार केला. मग त्यांचे यजमान ऑन्नीसाहेब यांणीं फर्माविलें कीं दिवाणखान्यांतच परीक्षा व्हावी. त्याप्रमाणें नाव घोंगडीवर ठेविली, मेज तो खडक ठरविला, थोरली पिछाडीस व धाकटी पुढें बैसली, आणि थोरली वल्हें दावील तिकडे ऑन्नीसाहेब जातीनें नाव ढकलूं लागले.

"ताई, डावीकडे!" हिल्काबाई गरजल्या.

नाव थेट मेजावर गेली आणि त्यावरील दिवा धारातीर्थीं पडला.

"अगं, डावीकडे म्हणाले ना!" हिल्काबाई मागें वळोन बोलिल्या.

"कधी म्हणालीस? मनात?"

"शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, इतक्या मोठ्यानं!"

"कुठलं कुत्रं?" तैमीबाई बोलिल्या.

कुत्रें भुंकतच होतें.

"ताई, तुला ऐकू येत नाही?"

"एक कान गेलाय. दुसऱ्यानं समोर तोंड करून बोललं तरच कळतं, पाण्याच्या आवाजात तेही नाही. सांगितलं असतं तर तू मला नेलंच नसतंस."

"मग कुणाला नेणार होते? भाऊजींना? त्यांना अंघोळीलाही लाइफ जॅकेट लागतं!"

ऑन्नीसाहेबांनीं हा आपला बहुमान मानिला. हिल्काबाईंनीं डोळे पुसोन तह मांडिला कीं ताईची नजर घारीची, सबब तिणें पुढें बैसावें. पिछाडी धाकटीनें सांभाळावी.

तैमीबाई पिछाडीवरून उठल्या. "म्हणजे मी ओरडायचं आणि तू ऐकायचंस?"

"हो."

"मग हे आधीच का नाही ठरवलं?"

येणेंप्रमाणें एक दिवा खर्ची पडोन तख्त बदललें, विमान शनिवारीं मुक्रर जाहलें, बहिणी फत्ते पावल्या. थोरलीनें सराव तत्क्षणीं आरंभिला आणि "उजवीकडे!" ऐसी आरोळी ठोकिली, तों कांचा झाडणारे ऑन्नीसाहेब केरसुणीसह उजवीकडे सरकले. विजयाची नोंद करोन दौतीस झांकण लाविलें.