झाकलेला तक्ता

शरीर प्रत्येक विद्यार्थिनीला असतं, ही गोष्ट शाळेला तत्त्वतः मान्य आहे. ते शाळेच्या वेळेत जाणवू नये, एवढीच माफक अपेक्षा आहे.

म्हणूनच दरवर्षी सातवीच्या मुलींसाठी आरोग्य व्याख्यान होतं. मुलग्यांना मैदानावर पिटाळतात (त्यांना या विषयातलं सगळं, आणि सगळं चुकीचं, आधीच ठाऊक असतं), खिडक्या लावून घेतात आणि दवाखान्यातल्या सिस्टर स्त्रीच्या शरीराचा तक्ता फळ्यावर टांगतात. तक्ता मुलींच्या वयाला झेपावा म्हणून शाळेच्या समितीनं त्यावर खाकी कागद चिकटवलेला आहे. दर नव्या समितीला जुन्या समितीची नजर अधू वाटते, त्यामुळे कागद वाढत गेला. सध्या डोकं, हात आणि गुडघ्यांपासून खालचा भाग अभ्यासासाठी उपलब्ध आहे. त्याचं फळही दिसतं. शंभर टक्के मुलींची नखं कापलेली असतात आणि व्याख्यानानंतर विचारलेल्या शंकांचं प्रमाण आजवर शून्य आहे.

यंदा मात्र तिसऱ्या बाकावर बिट्टी होती, आणि बिट्टी सकाळपासून मरत होती. पोटात कळा येत होत्या, कपड्यांना रक्त लागलं होतं, आणि कुठे पडली-झडली म्हणावं तर तसंही नव्हतं. धाकट्या बहिणीला तिनं आपली सायकलसुद्धा देऊन टाकली होती (घंटी सोडून, घंटीवर तिचा फार जीव). आईला विचारलं, तर आईनं दार लावलं, हातात जुनं फडकं कोंबलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आज शाळेत सांगणार आहेत ना? तिथेच ऐक. आणि बाबांसमोर तोंड उघडू नकोस!" आईसुद्धा सांगत नाही म्हणजे दुखणं मोठंच असणार, हे बिट्टीनं ताडलं. पोर पार घाबरून गेली होती.

नखांचं प्रकरण संपलं तशी ती उभी राहिली.

"सिस्टर, मला रक्त येतंय. मी मरणार का?"

सिस्टरनी मुख्याध्यापिकाबाईंकडे पाहिलं. बाई मायेनं म्हणाल्या, "बाळ, तक्त्यावर दिसतंय तेवढंच विचारायचं. कुठून येतंय? गुडघ्यातून?"

"नाही बाई, त्याच्या वरून."

"वर कागद आहे."

सिस्टरना राहवलं नाही. त्यांनी कागदाचा कोपरा धरून ओढला. पण समितीनं डिंकात काटकसर केलेली नव्हती. कागद निघाला तो खालचं चित्र घेऊनच निघाला. गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत स्त्रीला काहीच नसतं, हे सगळ्या वर्गानं डोळ्यांनी पाहिलं.

"बघितलंस? काही नाहीये तिथे," बाई समाधानानं म्हणाल्या. "आता घरी जाऊन आईला विचार हं."

सिस्टर तिच्याकडे वळणार, तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झालं. ते मध्येच थांबवता येत नाही. बिट्टी डोळे पुसत घरी गेली.

तिला काय झालंय, हे तुम्हाला मघाशीच कळलं आहे. एका वाक्यात तिची भीती गेली असती. परंतु ही कथा घराघरांत वाचली जावी अशी आमची इच्छा असल्यामुळे तो शब्द आम्ही तिच्यात कुठेही येऊ दिलेला नाही, आणि तुम्हालाही त्याची उणीव भासली नाही, याबद्दल आम्ही आभारी आहोत. उद्या तुमची मुलगी काही विचारायला आली, तर तिला हीच कथा वाचायला द्या.