टोनीचा गुडघा

दामलेकाका कुणालाच 'कसा आहेस?' असं विचारत नाहीत. 'गेल्या तीन दिवसांत काय काय खाल्लंस?' असं विचारतात. दिवाळीत मी अनारसे घेऊन गेलो, तर वरची खसखस चष्मा कपाळावर सरकवून बघत म्हणाले, "उद्या तुझी टेस्ट निघाली, तर हिचा अफू म्हणून रिपोर्ट येईल. गेलास कामातून!" आणि चार खाल्ले.

परदेशात, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात, आमची घरं शेजारी. काका डॉक्टर, पण दवाखाना बंद केलेला. काकू गेल्या, मुलगा ब्रिस्बेनला. इथे कामगारांनी नशा केली का, हे बघायला त्यांची लघवी तपासतात. तीत काही सापडलं, तर आधी माणसाशी बोलायचं, औषधं विचारायची, खाणं विचारायचं, मगच निकाल द्यायचा, असं एक डॉक्टरी काम असतं. त्याच्या प्रमाणपत्रासाठी काका सहासष्टाव्या वर्षी परीक्षेला बसले. एकदा नापासही झाले.

"या खेपेला गेलो, तर मी नुसता दामले," म्हणाले. "डॉक्टर म्हणून हाक मारायला कुणी उरणार नाही."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बाबा एसटीत मेकॅनिक. परीक्षेला बसणाऱ्याला मी हसत नाही.

सरावाची युक्ती काकांचीच. रोज संध्याकाळी सातला ते त्यांच्या घरातून फोन करणार आणि मी माझ्या घरात टोनी व्हायचं. टोनी म्हणजे पापाकुराच्या गोदामातला फोर्कलिफ्टवाला, टेस्ट पॉझिटिव्ह. मराठी बोलणारा जगातला एकमेव टोनी.

"कीआ ओरा, डॉक्टर," मी इथला माओरी नमस्कार ठोकायचो.

"टोनी, गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"गुडघा दुखतो हो. बायकोच्या कोडीनच्या घेतल्या."

"बायकोच्या? अरे गाढवा!"

"काका, परीक्षेत गाढव चालणार नाही."

"ते टोनीला नाही, तुला म्हणालो."

उन्हाळ्यातली संध्याकाळ संपता संपायची नाही. कुंपणापलीकडच्या खिडकीत काका, कानाला फोन. मागच्या टेकडीवर मेंढ्या कुठल्या आणि ढग कुठले, कळायचं नाही. त्या उजेडात टोनी वाढत गेला. त्याला दोन मुली झाल्या, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, खाणारा कुत्रा झाला. मी थापा मारायचो, काका वहीत लिहून घ्यायचे. कुत्रासुद्धा.

"झोप लागते का रे, टोनी? घरी आल्यावर बोलायला कुणी असतं?"

हे प्रश्न पुस्तकात नव्हते.

काका पास झाले. प्रमाणपत्राची फ्रेम भिंतीवर सरळ लागली का, ते बघायला मला तीनदा लांब उभं केलं. मग फोन थांबले. सात वाजले की माझंच लक्ष उगाच फोनकडे जायचं.

पंधरा दिवसांनी, बरोबर सातला, तो वाजला.

"नमस्कार. डॉक्टर दामले बोलतोय."

"काका, पास झालात की आता!"

"हो रे." वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "टोनी आहे का घरी? गुडघ्याचं तेवढं विचारायचं होतं."

मी खुर्ची खिडकीपाशी ओढली. समोरच्या खिडकीत काका पाठमोरे उभे होते, हातात वही.

"कीआ ओरा, डॉक्टर," मी म्हणालो. "बरं झालं फोन केलात."