दशरथआप्पांची काळी पाटी

आमच्या गल्लीतले लोक मोबाइल बदलतात, गाड्या बदलतात, एकदोघांनी पक्षही बदलून पाहिले. दशरथआप्पा लिनक्स बदलतात. तेही शनिवारी, आंघोळ करून, कपाळाला गंध लावून.

लिनक्स म्हणजे काय, हे मला त्यांनीच सांगितलं. आप्पा शिरूरच्या एसटी आगारात मेकॅनिक होते. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट ते शेवटी गाडीवर आणून सोडतात.

"गुर्जी, तुमचं विंडोज आसतं ना, तसंच हे. कंप्युटर चालवायचं इंजान. फक्त हे फुकाट मिळतं, आन् ह्याच्यावर ज्यानं त्यानं आपापली बॉडी बांधलीय. उबुंटू घ्या, मिंट घ्या, फेडोरा घ्या. इंजान येकच. लाल डबा काय आन् निमआराम काय, खाली चाकंच!"

"मग एक चांगली बघून घ्या की," मी म्हणालो.

"आसं कसं? बसून बघितल्याबिगर कळतं व्हय?"

"बॉडी बदलू" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझा लॅपटॉप जरा सावकाश चालतो, एवढंच मी एकदा ओट्यावर बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी आप्पा पेनड्राइव्ह घेऊन हजर. संध्याकाळपर्यंत माझा लॅपटॉप वाऱ्यासारखा पळायला लागला, फक्त प्रिंटर चालेना. "प्रिंटर हाय," आप्पा पडद्याकडे बघत म्हणाले, "पण त्याला आपली वळख लागंना." ती ओळख आजतागायत लागलेली नाही. मला काही छापायचं असलं की मी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात जातो.

त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली आहे, बिजागरीला सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे. त्याच्यासाठी जुनी रॅम मिळते असं कळल्यावर ते एसटीनं यवतला गेले आणि ती बोटाएवढी पट्टी चष्म्याच्या डबीत घालून, डबी छातीशी धरून परत आले. गाडीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय हाय त्यात एवढं?" आप्पा म्हणाले, "रॅम." म्हाताऱ्यानं हात जोडले, "राम राम, पाव्हणं!"

गल्ली हसायची. मीही हसायचो. पण एक गोष्ट मला उमगत नव्हती. नीट चाललेलं यंत्र हा माणूस दर शनिवारी खोलतो कशाला? बॉडी बदलली की काहीतरी बंद पडणार, हे ठरलेलं. कधी आवाज जायचा, कधी कॅमेरा, कधी पडदाच आडवा व्हायचा. आणि त्याचं आप्पांना जराही वाईट वाटत नसे. उलट चेहरा खुललेला.

एका रविवारी दुपारी सहज त्यांच्याकडे गेलो. आप्पा लॅपटॉपसमोर ताठ बसले होते. पडद्यावर ती काळी खिडकी, जिच्यात हुकूम टाइप करून यंत्राशी बोलायचं असतं. आप्पा तिला काळी पाटी म्हणतात. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

पाटीवर आपोआप अक्षरं उमटायला लागली. आप्पांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"आली," ते हळूच म्हणाले.

"कोण?"

"आमची शिमा."

सीमा ही त्यांची एकुलती एक मुलगी. जर्मनीत कंप्युटरच्याच नोकरीत आहे. हा लॅपटॉप तिच्या कॉलेजचा. जाताना तिनं त्यात लिनक्स घालून दिलं आणि एक हुकूम शिकवला. काही अडलं तर हा टाका, आप्पा, मी तिकडून आत येऊन दुरुस्त करते.

अक्षरं पळत होती, थांबत होती, मागं फिरून खोडली जात होती. "घाईत हाय आज," आप्पा म्हणाले. "सारखं खोडतीय. ल्हानपणी पाटीवर बी आसंच करायची." मग बराच वेळ काही उमटलं नाही. आप्पा नुसते त्या लुकलुकणाऱ्या रेघेकडे बघत होते. "च्या घ्यायला उठली आसंल."

थोड्या वेळानं लॅपटॉपचा गेलेला आवाज सुरू झाला आणि पाटी मिटली. लगेच शांतावहिनींचा फोन वाजला. मायलेकी बोलत राहिल्या, भाजीपासून थंडीपर्यंत. शेवटी वहिनींनी फोन आप्पांपुढं धरला.

"जेवलीस का?" आप्पांनी विचारलं. "बरं. थंडी हाय का? बरं. आईकडं देतो."

संपलं.

आप्पा आत गेल्यावर मी वहिनींना विचारलं, "चालतं यंत्र शनिवारी खोलतात कशाला हो?"

वहिनी शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रविवारी तिला सुट्टी असती."

गेल्या हिवाळ्यात सीमा आली. बापाचे हाल बघवेनात म्हणून येताना नवाकोरा लॅपटॉप घेऊन आली. दोन दिवस बसून त्यात सगळं बसवलं. "आता हे आपलं आपण अपडेट होतं, आप्पा. काही बिघडायचं नाही. तुम्हाला कशाला हात लावायला नको." आप्पा म्हणाले, "चांगलं केलंस."

ती गेली आणि यंत्र खरंच बिघडेना. शनिवारी आप्पा आंघोळ करून, गंध लावून ओट्यावर येऊन बसायचे. "बॉडी बदलायची नाही का?" मी एकदा चेष्टेत विचारलं.

"तिनं तिच्या हातानं बसवलंय, गुर्जी. कसं खोलू?"

पुढं मी चेष्टा केली नाही. रविवारी दुपारी ते काळी पाटी उघडत, बघत आणि मिटत. फोनवर "जेवलीस का" तेवढं चालू होतं. वहिनी म्हणाल्या, ह्यांचं जेवण कमी झालंय.

परवाच्या रविवारी मी तिथंच होतो. फोन वाजला. वहिनींनी उचलला आणि बुचकळ्यात पडल्या. "अवं, तुम्हालाच मागतीय. पहिल्यांदा."

व्हिडिओ होता. सीमा टेबलाशी बसलेली. "आप्पा, माझ्या लॅपटॉपचं नेट गेलंय. काही सुचेना. तुम्ही बघता का?"

आप्पांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली. "कवापासनं?"

"सकाळपासून."

"काय बदललंस का त्याच्यात?"

"नाही, आप्पा."

"पाटी उघड. काय म्हणतीय वाच. हळू वाच, घाई करू नको."

ती वाचत गेली, आप्पा "हं, हं" करत गेले. मग बोलणं नेटवरून तिच्या खोलीवर आलं, खोलीवरून बॉसवर. बॉस कसा बोलतो आणि नंतर घरी येऊन ती कशी एकटीच रडते, तेही निघालं. आप्पा ऐकत होते, मधेच विचारत होते. वहिनींनी ठेवलेल्या चहानं निवून साय धरली. शेवटी सीमा म्हणाली, "झालं, आप्पा! आलं नेट. बरं झालं तुम्ही होतात."

फोन बंद झाला. माझ्या मनात एक खटकत होतं, विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"आप्पा, ती तर लॅपटॉपवरूनच बोलत होती ना? टाइप करताना चित्र हलत होतं. नेट गेलेल्या लॅपटॉपवरून व्हिडिओ आला कसा?"

आप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ते मला पहिल्यालाच कळलं, गुर्जी." मग थंड चहा एका दमात पिऊन म्हणाले, "पुढच्या रविवारी तिच्या लॅपटॉपचा आवाज जाणार हाय. आत्ताच कुरकुरतोय म्हणालीय."