सातव्या चौकटीची बखर

बाईसाहेबांचा हुकूम जाहला जे, भाड्याच्या घरामागील आवारात सातव्या चौकटीपायी जो संग्राम घडला त्याची हकिकत कोणाची भीड न धरिता आणि पदरचे तिखटमीठ न लाविता लिहून ठेवावी, म्हणजे पुढील भाडेकरूंस मार्ग दिसेल. त्याजवरून लेखक लिहितो. भीड धरिली नाही. तिखटमिठाविषयी यत्न केला आहे, जबान देववत नाही.

त्या समयी तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या दौलतीत तीन आसामी नांदत होत्या. पहिले, वयाने आणि दराऱ्याने, बाईसाहेबांचे तीर्थरूप, ज्यांस या बखरीत थोरले म्हणावे. यांनी चौतीस वर्षे बसगाडी हाकिली, आणि इतक्या मुदतीत एक ठोकर नाही, एक दंड नाही, एक शेरा नाही, ऐसे कोरे पत्रक घेऊन डेपोतून निवृत्त जाहले. दुसऱ्या खुद्द बाईसाहेब, ग्रंथालयाच्या कारभारीण. तिसरे जावईराव. हे गॅस कंपनीच्या तक्रारदफ्तरी कारकून असून लोकांच्या अर्जांस 'खेद आहे' ऐसे उत्तर लिहिण्यात अकरा वर्षे घालविलेले. लेखणीचे शूर, परंतु वाहनविद्येची परीक्षा दोन वेळा देऊन दोन्ही वेळा शिकस्त खाल्लेले. दुसऱ्या खेपेस परीक्षक मध्येच उतरून पायी निघून गेला, त्याचा तपशील येथे लिहीत नाही.

थोरल्यांचे एक जुने चारचाकी वाहन होते, आणि करारनाम्याच्या नवव्या कलमान्वये ते मागील आवारात सातव्या चौकटीत, रुंदी आठ फूट, उभे राहत असे. डेपोचा शिरस्ता ऐसा की गाडी लाविली म्हणजे उतरावे, तिच्याभोवती फेरी मारावी, दोन्ही अंगांस पांढऱ्या पट्ट्यापर्यंत किती जागा राहिली ते वीत लावून पाहावे आणि वहीत लिहावे. निवृत्तीनंतर हा शिरस्ता पाळण्यास कोणी सांगितले नव्हते. थोरल्यांनी तो एक दिवस सोडिला नाही. शेजारीपाजारी गॅलरीतून हसत, आणि थोरले गुडघ्यावर बसून वीत लावीत, आणि वर येऊन लिहीत: डावीकडे दोन वीत, उजवीकडे दोन वीत.

मग ऐसे जाहले की घरमालकाने कोणास न कळविता आवाराची सुभेदारी एका पार्किंग कंपनीस दिली. एके मंगळवारी सर्व मंडळी कामावर, आणि थोरले दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत आ वासून बसलेले, ऐसा समय साधून कंपनीचे रंगारी आले, जुने पुसट पट्टे खरवडून नवे पांढरेशुभ्र पट्टे मारिले, आणि छपराच्या पन्हळीजवळ, जेथे फक्त कबुतरांनी वाचावा, ऐसा बारीक अक्षरांचा फलक ठोकिला. संध्याकाळी थोरल्यांनी पट्टे पाहून रंग चांगला आहे ऐसा अभिप्राय दिला. याहून अधिक कोणी काही पाहिले नाही, आणि येथेच सर्वांचा घात जाहला.

त्यास दोन महिने लोटले. मग बाईसाहेब ग्रंथालयात शिडीवरून पडल्या आणि उजव्या पायास पाऊल ते गुडघा प्लॅस्टर चढले. त्यांना कामावर नेणे आणि आणणे हे थोरल्यांनी आपल्या शिरावर घेतले. प्लॅस्टरचा पाय वाकत नाही, सबब दार पुरते उघडावे लागे. पहिल्याच दिवशी, जो पुढे दंडाचा दिवस ठरला, थोरल्यांनी डाव्या अंगास ऐसपैस जागा ठेविली, बाईसाहेबांस उतरविले, शिरस्त्याप्रमाणे फेरी मारिली, आणि पाहतात तो उजवे मागचे चाक पट्ट्यावर दोन बोटे चढलेले. आधी लेकीस वर पोचवावे, मग गाडी सरळ करावी, ऐसा विचार करून तीन जिने चढविले. खाली येतात तो वायपरखाली पिवळे पाकीट. दहा मिनिटांत गनिमाने छायाचित्रे काढून, दंड ठोकून, पळ काढिला होता.

पाकिटात फर्मान होते की वाहन चौकटीबाहेर आढळले, एकवीस दिवसांत दंड भरावा, न भरल्यास दुप्पट, आणि घरमालकास कळविले जाईल. रक्कम लिहिण्याजोगी नाही. घरातले सर्व जण महिन्याभरात त्याहून अधिक चहात घालवितात. परंतु थोरल्यांनी कागद दोन वेळा वाचिला, घडी घातली, गाडीची किल्ली फडताळात ठेविली आणि म्हणाले,

"चौतीस वर्षांत एक कागद आला नव्हता माझ्या नावावर. आता गाडी विकून टाका."

बाईसाहेब म्हणाल्या, "बाबा, दोन बोटांसाठी?"

"आज दोन बोटं. उद्या कुणाच्या अंगावर घालीन. नजर गेली की उतरावं माणसानं."

आणि खरोखर उतरले. बाईसाहेब जिन्यावरून बसत बसत खाली येऊ लागल्या, कुबड्यांवर फाटकापर्यंत जाऊ लागल्या आणि भाड्याच्या गाडीची वाट पाहू लागल्या. थोरले त्या वेळी आवाराकडे पाठ करून खुर्चीत बसत. वाढलेले जेवीत, विचारलेल्याचे उत्तर देत, आणि वर्तमानपत्र चहा सांडलेले दिले तरी तैसेच वाचीत. हे पाहून बाईसाहेबांचे काळीज फाटले. त्यांनी जावईरावांस स्वयंपाकघरात बोलावून, बोल बाहेर जाऊ नयेत म्हणून नळ सोडून, हुकूम केला: "तुला लिहिता येतं ना? मग लिही. पण बाबांना परत गाडीवर बसव. दंडाचं मला काही नाही."

मग जावईरावांनी लेखणी परजिली. पहिला खलिता कंपनीस गेला, त्यात प्लॅस्टरचे, तीन जिन्यांचे आणि कन्येवरील मायेचे ऐसे वर्णन केले की टाईप करिता करिता जावईराव स्वतः सद्गदित जाहले. चौथे दिवशी जबाब आला, पाच ओळींचा. आपले म्हणणे काळजीपूर्वक विचारात घेतले, परिस्थितीविषयी सहानुभूती आहे, तथापि खेद आहे. जावईरावांनी तो वाचून मान डोलाविली, कारण कसबी माणसास दुसऱ्याचे कसब कळते. ऐसे पत्र त्यांनी स्वहस्ते हजारो वेळा लिहिले होते, आणि ते काळजीपूर्वक विचारात घेण्यास किती क्षण लागतात हे त्यांस पुरते ठाऊक होते.

दुसरी मोहीम घरमालकावर काढिली. तो फोनवर म्हणाला, "ते आता कंपनीकडे आहे हो. मी कशाला मधे पडू?" आणि दुसऱ्या पक्षाची बाजू न ऐकिता ठेविला.

तेव्हा जावईरावांनी कूटनीतीचा डाव मांडिला. छायाचित्रात चाकाची सावली पडली आहे, सबब चाक पट्ट्यावर नव्हतेच, सावली होती, ऐसा दावा करावा. मसुदा थोरल्यांपुढे ठेविला. थोरल्यांनी चष्मा लावून वाचिला आणि परत दिला.

"चाक पट्ट्यावर होतं."

"बाबा, ते आपण होऊन कशाला सांगायचं?"

"होतं म्हणून. लिहायचं तर खरं लिहा, नाहीतर लिहू नका." मग उठून वही आणिली आणि मेजावर टाकिली. "ही पण जोडा. त्या दिवशीची नोंद आहे, माझ्या हातची."

याप्रमाणे आपल्याच सेनापतीने किल्ल्याचे दार आतून उघडून दिले, आणि जावईरावांचा हिरमोड जाहला.

रविवारी दुपारी जेवणाचे मेज पुसून जावईराव वही वाचावयास बसले. दंडाच्या दिवशीची नोंद सापडली: डावीकडे तीन वीत दोन बोटे, उजवे चाक पट्ट्यावर दोन बोटे, चूक माझी. मग सहज मागील पाने चाळू लागले. तो मागील दोन महिने रोज एकच मजकूर: डावीकडे दीड वीत, उजवीकडे दीड वीत. आणि समासात बारीक अक्षरांत, कोणी पाहू नये ऐशा बेताने, शेरे होते. "नजर?" पुढे चार पानांवर: "डोळे तपासले. चष्मा बदलला. तरी दीड." त्यापुढे: "हात कापतो का पाहणे." त्यापुढे: "लेकीला सांगू नये."

दोन महिने हा मनुष्य रोज संध्याकाळी गुडघ्यावर बसून आपले म्हातारपण विती लावून मोजीत होता, आणि वर येऊन जेवावयास बसत होता, आणि घरात कोणास पत्ता नव्हता. लेखकासही नव्हता, हे कबूल करणे भाग आहे.

मग आणखी मागे गेले. त्याआधी वीस महिने, एक दिवस चुकल्याविना, दोन वीत आणि दोन वीत. दीड कधी सुरू जाहले ते पाहिले तो वार मंगळवार, दातांच्या डॉक्टरचा. त्या दिवशी आवारात आणखी काय घडले हे आठवताच जावईराव खुर्ची पाडून उठले, बाईसाहेबांच्या शिवणाच्या डब्यातील टेप घेतली आणि चपला न घालिता तीन जिने उतरले. सातवी चौकट मोजिली. सात फूट तीन इंच. आठवी मोजिली. सात फूट तीन इंच. मग भिंतीपासून कचऱ्याच्या डब्यांपर्यंत चौकटी मोजिल्या, तो बारा भरल्या. करारनाम्याच्या नकाशात अकरा होत्या. कंपनीने प्रत्येकाचा नऊ इंच मुलूख दाबून एक बारावी चौकट पैदा केली होती, आणि तीत कोणा तिऱ्हाइताची भाडोत्री मोटार सुखे नांदत होती.

जावईराव धापा टाकीत वर आले आणि म्हणाले, "बाबा, तुमची नजर ठीक आहे. पट्टा सरकलाय."

थोरले म्हणाले, "पट्टा कसा सरकेल?"

यात त्यांचा दोष नव्हता. डेपोत पट्टा आणि गाडी यांचे जमले नाही तर चौतीस वर्षे चालकाच्याच नावे लिहीत आले. पट्ट्याच्या नावे कोणी लिहीत नाही. दोन्हीकडची जागा एकाच दिवशी आटली, यातून मनुष्य म्हातारा जाहला ऐसा अर्थ काढणे त्यांस सोपे गेले, आणि कोणी रंगारी लबाड निघाला ऐसे मनातही आले नाही.

"बेरीज करा," जावईराव म्हणाले. "आधी चार वीत जागा होती. आता तीनच आहे. त्या दिवशी तुम्ही डावीकडे तीन वीत सोडलीत. जुना पट्टा असता तर उजवीकडे अख्खी वीत उरली असती."

"दोन बोटं कमी," थोरले म्हणाले. हिशेबात त्यांनी कोणास सवलत दिली नाही.

मग सोळा दिवसांत प्रथमच थोरले आवारात उतरले. गॅलऱ्यांत माणसे जमली. या खेपेस कोणी हसले नाही. त्यांनी नव्या पट्ट्याशेजारी जमीन नखाने खरवडिली, तो काही अंतरावर जुन्या रंगाचा माग निघाला. तेथपासून नव्या पट्ट्यापर्यंत ते पुन्हा पुन्हा विती लावीत राहिले. जावईराव उठविण्यास पुढे जाहले, त्यांस बाईसाहेबांनी गॅलरीतून खूण करून थांबविले.

त्याच सांजेस तिसरा खलिता रवाना जाहला. त्यात मायेचा एक शब्द नव्हता. चाक पट्ट्यावर होते हे पहिल्या ओळीत लिहिले, आणि मग करारनाम्याचे नववे कलम, आवाराचा नकाशा, टेपेची छायाचित्रे, जुन्या रंगाचे छायाचित्र आणि वहीची बावीस महिन्यांची पाने, समास झाकून, जोडिली. समास झाकण्याची अट थोरल्यांची होती.

कंपनीचा जबाब एका दिवसात आला, यावरूनच गनिमाची गाळण कळावी. केवळ सद्भावनेपोटी, कोणतीही जबाबदारी न स्वीकारिता, दंड रद्द करीत आहोत. बाईसाहेबांनी टाळी वाजविली. जावईरावांनी पत्रास सलाम ठोकावयाचेच बाकी ठेविले. परंतु थोरल्यांनी तह नाकारिला.

"सद्भावना कसली? मी चुकलो असेन तर दंड घ्या. नसेन तर तसं लिहा."

जावईरावांनी कळवळून विनविले की ऐसे कोणतेही दफ्तर कधी लिहीत नाही, मीच अकरा वर्षांत एकदा लिहिले नाही. थोरले म्हणाले, "मग तुम्हीही लिहायला हवं होतं." यावर जावईरावांनी चौथा खलिता लिहिला. त्यात मूळ अकरा चौकटींच्या भाडेकरूंस नकाशाच्या प्रती वाटण्याचा मनोदय सहज म्हणून कळविला होता.

दुसरे दिवशी सकाळी कंपनीचा तपासनीस हजर. मनुष्य पोक्त होता, बुटांस चिखल लागेल याची पर्वा न करिता उकिडवा बसला, टेप लाविली, जुना माग पाहिला, पुन्हा टेप लाविली. मग आपल्या पॅडवर लिहिले की चौकट क्रमांक सात कराराहून नऊ इंच कमी आढळली, मूळ मापाने वाहन पूर्ण आत होते, चालकाची चूक नाही. खाली सही केली आणि कागद फाडून थोरल्यांच्या हाती दिला.

"काका, किती वर्षं चालवताय?"

"चौतीस डेपोत. आणि वर ही."

"दिसतंय," तपासनीस म्हणाला.

थोरल्यांनी कागद खिशात ठेविला. डोळे पुसले, आणि रंगाची धूळ गेली ऐसे सांगितले.

येणेप्रमाणे सातव्या चौकटीची मोहीम अठरावे दिवशी फत्ते जाहली. दंड दरोबस्त माफ. रंगारी आठवड्यात येऊन बाराच्या अकरा चौकटी करून गेले, त्या समयी थोरले जातीने उभे राहून दोरी धरीत होते. नऊ इंच मुलूख परत आला, दोन्ही बाजूंस साडेचार-साडेचार. आपल्या पक्षाची हानी: जावईरावांचे तळपाय, शिवणाची टेप. घरमालकाने फोन करून, मी आधीच म्हणत होतो, ऐसे सांगितले, ते दफ्तरी नोंदविले आहे.

प्लॅस्टर काढावयाच्या दिवशी थोरल्यांनी गाडी बाहेर काढिली, एका दमात, मागे न पाहिल्यासारखे पाहून. जावईराव मागे बसले, बाईसाहेब पुढे बसल्या आणि दार ओढून घेतले.

थोरले गरजले, "दार आहे का गोठ्याचं फाटक? हळू लावता येत नाही? शंभरदा सांगितलंय!"

हे ऐकून बाईसाहेबांस रडू कोसळले आणि जावईरावांनी खिडकीबाहेर पाहिले, कारण त्या पिवळ्या पाकिटापासून बाबा घरात कोणावर एकदाही ओरडले नव्हते.