भानटोल्याचे भय निर्मूलन

कोणत्याही संकटाचे दोन भाग असतात: एक संकट आणि दुसरी त्याची भीती. पहिला भाग दूर करायला वरची मंजुरी लागते. दुसऱ्याला पेलाभर पाणी पुरतं. शहाणं प्रशासन म्हणूनच दुसऱ्या भागापासून सुरुवात करतं आणि बहुधा तिथेच थांबतं. (थांबणं हीदेखील एक कार्यवाहीच आहे.)

मी भानटोला भय निर्मूलन समितीचा सदस्य-सचिव. भानटोला हे मोहर्लीच्या अलीकडचं, नाल्याकाठचं सत्तावन्न घरांचं गाव. ऐन मोहफुलांच्या हंगामात नाल्यापलीकडच्या मोहांखाली एक वाघ येऊन बसू लागला. आधी दोन शेळ्या गेल्या, मग एक गोऱ्हा. तेव्हा गावातल्या सुगंधाबाईंनी अर्ज दिला: "वाघ पकडा. मोह वेचाले जाता येत नाई." अर्ज सुटसुटीत होता, पण अडाणीपणाचा होता. वाघ पकडायचा म्हणजे त्याला बेशुद्धीचं इंजेक्शन मारायचं. त्यासाठी हा वाघ तोच वाघ असल्याचा दाखला, कॅमेऱ्यातले फोटो, पशुवैद्याचं मत, तीन सह्या आणि वरच्या कार्यालयाचा आदेश लागतो. शेवटी त्याच्या तब्येतीचा प्रश्न असतो.

प्रा. डॉ. अश्विन देवतळे नेमके याच इंजेक्शनसाठी आले होते. ते मेंदूशास्त्राचे प्राध्यापक. शांत करणाऱ्या औषधांनी मेंदूत काय होतं, यावर त्यांनी अठरा वर्षं घालवली आहेत. बेशुद्ध वाघाच्या मेंदूचा आलेख काढायचा त्यांचा बेत होता. आदेश काही येईना, सरांची रजा संपत आली, जीपमधलं यंत्र धूळ खाऊ लागलं. तेव्हा समितीने नियम पुन्हा वाचले आणि आमच्या लक्षात आलं की माणसाला शांत करणारी गोळी द्यायला फक्त त्याचा अंगठा लागतो.

"पण भीती तर वाघामुळे आहे ना?" सर म्हणाले. माणूस विद्वान, पण प्रत्यक्ष कामाचा अनुभव कमी.

सरांनीच आम्हाला शिकवलं होतं की भीती मेंदूतल्या मोहफुलाएवढ्या भागात राहते. एवढ्याशा जागेसाठी दोनशे किलोचा वाघ हलवायचा? ठराव एकमताने मंजूर झाला. सरांनीही हात वर केला, जरा उशिरा.

बेचाळीस जण निवडले. रोज सकाळी समाजमंदिरात एक गोळी, नंतर डोक्याला तारा लावून आलेख. आठव्या दिवशी लाउडस्पीकरवर वाघाची डरकाळी लावली. गावातली कुत्री पळत मोहर्लीला पोचली, आमचे दोन वनरक्षक झाडावर चढले, आणि बेचाळीसपैकी एकेचाळीस जण जागचे हलले नाहीत. वाघ समोर आला तर काय कराल, असं सोमाजीभाऊंना विचारलं.

"बसा म्हणन," ते म्हणाले. "तोई थकला असन."

इतर लाभही झाले. ग्रामसभा अकरा मिनिटांत आटोपली; बंद नळाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. शेजारच्या तीन गावांतून या गोळीची मागणी आली. (मागणी सरपंचांची आहे, लोकांची नाही.)

उरलेल्या बेचाळिसाव्या म्हणजे सुगंधाबाई. त्या गोळी गालात धरायच्या आणि घरी जाऊन कोंबड्यांपुढे थुंकायच्या. कोंबड्या मुंगसाच्या शेजारी बसू लागल्या तेव्हा प्रकार उघडकीस आला. आम्ही समज द्यायला गेलो.

"साहेब, भेव आहे म्हणून तं आमी जित्ते आहो," त्या म्हणाल्या. "थेच काढून घेतलं तं आमच्यापाशी राह्यलं काय? माह्या माणसाची गोळी बंद करा. तो आता मांगं वळूनई पाहत नाई."

त्यांचा माणूस म्हणजे मुखरू. साऱ्या गावात त्याचा आलेख सर्वांत सरळ होता. त्याची गोळी बंद केली असती तर शास्त्राची हानी झाली असती.

पूर्वी लोक आठ-दहा मिळून, डबे बडवत मोहाला जायचे. आता डब्याची गरज राहिली नव्हती. मंगळवारी पहाटे मुखरू टोपली घेऊन एकटाच नाल्यापलीकडे निघाला. सुगंधाबाई काठावरून थाळी बडवत ओरडत होत्या. त्याने हात केला. "येतो ना वं," म्हणाला. नंतर टोपली सापडली, अर्धी भरलेली.

आमच्या फॉर्मवर एकच रकाना महत्त्वाचा: 'गोळीनंतर व्यक्ती शांत झाली का?' आमचा कारकून विक्की संध्याकाळी फॉर्म घेऊन गेला. सुगंधाबाई अंगणात ऊर बडवत होत्या: "शांत झाला वं माहा माणूस, शांत झाला!" विक्कीने 'होय'वर खूण केली. तो फॉर्म वाचताना माझा घसा दाटून आला, हे मी लपवत नाही. मग आठवलं, माझी सकाळची गोळी राहून गेली होती.

सर मात्र हट्टाला पेटले. प्रयोग थांबवा, मुखरू गोळीमुळे मेला असं मी लिहिणार, म्हणाले. त्यांचा हात थरथरत होता. थरथरत्या हाताची सही ग्राह्य धरता येत नाही, म्हणून त्यांना दोन गोळ्या दिल्या. सही मोत्यासारखी आली. अहवालात मुखरूच्या नावापुढे 'यशस्वी' असं आहे.

एक शंका तेवढी अहवाल तपासणाऱ्या परीक्षकांनी काढली: गोळी न घेता इतकी शांत राहणारी माणसं कुठे आहेत? ती दाखवा, म्हणजे तुलना करता येईल. ती शोधायला आम्हाला फार लांब जावं लागलं नाही. मुखरूची बातमी वर्तमानपत्रात पाचव्या पानावर, खाली कोपऱ्यात आली होती. आम्ही वाचकांची पाहणी केली. सुशिक्षित, निरोगी, कसलंही औषध न घेणारी माणसं. त्यांनी बातमी वाचली, "अरेरे" म्हटलं, चहाचा घोट घेतला आणि पान उलटलं. नाडी जशीच्या तशी. वाघ पकडला की नाही, हे विचारायला एकाचाही फोन आला नाही.

आपणही अजून विचारलेलं नाही.