ओटिलीबाईंनी दरबारी पाऊल रुजू केले त्याची हकिकत

श्रीशारदा प्रसन्न असो, आणि तिचे दरवान त्याहून प्रसन्न असोत. शके १८२८ पराभवनाम संवत्सरी जर्मन मुलखात कलाशाळा नामे एक दौलत नांदत होती आणि तिचे अधिपती प्रोफेसर झाइडलर, दाढी छातीपावेतो, दृष्टी दाढीपावेतो. राज्यरीत ऐसी की शिष्यांनी आधी प्लॅस्टरचे पुतळे चितारावे, मग हात पक्का जाहलियावर जिते माणूस पाहावे. बायकांस जिते माणूस वर्ज्यच. पाहतील तर बिघडतील, ऐसे दरबारचे मत; माणसे त्याच जन्मास घालितात, हे वर्तमान तेथे पोहोचले नसावे.

ते समयी ओटिलीबाई ब्रामर तेथे चित्रविद्या शिकत होत्या. पदरी लोटे नामे तान्ही लेक. सनद मिळाली तर चितारीण म्हणून मिरवावे, न मिळाली तर सासरच्या साबणाच्या दुकानी बसावे, ऐसा प्रसंग. परीक्षेचा हुकूम सुटला की पुतळ्याचे एक पाऊल घरी आठवून चितारावे. बाईंनी आठवावयास डोळे मिटले आणि उघडले तो मांडीवर लोटे दूध पिऊन निजलेली, अंगठा वर, टाच लोण्यासारखी. मग कोळसा आपला आपण चालिला.

दरबार भरला. झाइडलरसाहेब चित्र नाकास लावून गरजले, "वाहवा! ग्रीक बालदेवता!"

दुसरे प्रोफेसर कुंकेल म्हणाले, "छे हो! अंगठा पाहा की. रोमन!"

मग तुंबळ जाहले आणि तह ठरला की टाच ग्रीक, अंगठा रोमन आणि बाईंस पहिली सनद. बाई गप्प राहत्या तर काम फत्ते होते. परंतु लेकीचे पाऊल परक्या देवाच्या नावे जाते, हे आईस सोसवेना.

"साहेब, ग्रीक नव्हे, रोमन नव्हे. हे आमच्या लोटेचे. सकाळीच न्हाऊ घातलेय."

"म्हणजे जिते?"

"दात येताहेत, साहेब."

दरबार हादरला आणि सनद माघारी गेली. परंतु पाऊल देवतेचे, हा थोरांचा निवाडा फिरवावा कैसा? मग चित्र चौकटीत घालून भिंतीस लाविले, खाली 'बालदेवता, कर्ता अज्ञात'. बाई दुकानी बसल्या आणि गिऱ्हाईक साबण हुंगी तोवर त्यास कागदावर उतरवू लागल्या. जिती माणसे तेथे मुबलक. पुढे लेक चालू-बोलू लागलियावर रविवारी तीस घेऊन दरबारी जात आणि लोटे मोजा काढून चित्राशी पाऊल ताडून पाही.

"आई, देवीचं वाढत का नाही गं?"

"तिला कोणी जेवू घालत नाही, राणी."

येणेप्रमाणे दौलतीची अब्रू राहिली, बाईंची सनद बुडाली. भिंतीवरचे पाऊल आहे तेवढेच आहे. लोटेस दर हिवाळी नवे बूट लागतात.